घसा, ताप आणि शून्य न्यूट्रोफिल : परभणी जिल्ह्यातलं एक प्रकरण

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. सोयाबीन निघालेलं, कापसाची वेचणी सुरू झालेली, आणि मराठवाड्यात या दिवसांत ताप म्हटला की घरोघर पहिला संशय डेंगूचा. सेलू तालुक्यातल्या एका गावातली ३४ वर्षांची बाई ताप आणि घसादुखी घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनाही तेच वाटलं. त्यांनी अझिथ्रोमायसिन आणि पॅरासिटामॉल दिलं आणि रक्त तपासायला सांगितलं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

तालुक्याच्या लॅबमधून रिपोर्ट आला : प्लेटलेट २ लाख ४० हजार, हिमोग्लोबिन ११.२, एकूण पांढऱ्या पेशी ९००. घरच्यांनी प्लेटलेटचा आकडा पाहिला आणि त्यांना हायसं वाटलं. खबरदारी म्हणून पपईच्या पानांचा रस तेवढा सुरू झाला. ९०० या आकड्यापाशी कुणी थांबलं नाही. डेंगूतही पांढऱ्या पेशी उतरतात, पण तिथे त्या सहसा दोन-तीन हजारांच्या आसपास रेंगाळतात आणि प्लेटलेटही त्यांच्याबरोबर घसरतात. इथे प्लेटलेट ठणठणीत होत्या. पांढऱ्या पेशींतली एकच जातकुळी गायब होती.

दरम्यान तिची आणखी एक गोळी चालूच होती. ऑगस्टच्या शेवटी छातीत धडधड, हाताला कंप, भूक असूनही उतरत चाललेलं वजन आणि गळ्यावर आलेली सूज यावरून तिला ग्रेव्हज आजाराचं, म्हणजे थायरॉइड अति चालण्याचं निदान झालं होतं. कार्बिमाझोल १० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. 'एकही गोळी चुकवू नका' असं तिला बजावलेलं होतं, आणि ती अक्षरशः पाळत होती. घसा इतका सुजला की पाणी उतरेना, तेव्हा तिने गोळी चमच्यात चुरून, थेंबभर पाण्यात कालवून घेतली. सहावा आठवडा होता तो.

कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर मेथिमाझोल बनतं आणि थायरॉइडला आवर घालतं. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, आणि घेणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही. पण हजारात दोन ते पाच जणांत ते रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ पुसून टाकतं. याला अॅग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. बर्लिनचे वेर्नर शुल्ट्झ यांनी १९२२ मध्ये घशाच्या व्रणांसह आलेल्या अशा रुग्णांचं वर्णन करून हे नाव रूढ केलं. गोळी सुरू केल्यापासूनचे पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे. आणि पहिली लक्षणं ठरलेली : ताप आणि घसा.

चौथ्या दिवशी भावाने गाडी केली आणि तिला छत्रपती संभाजीनगरला आणलं. ताप १०३.४, नाडी १४०. टॉन्सिलवर राखाडी पांढरा थर, टाळूला व्रण, लाळही गिळता येत नव्हती. पू मात्र कुठेच नव्हता. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल, आणि ते शरीरात शिल्लकच नसतील तर पू होणार कशाचा? इतका भयंकर दिसणारा घसा आणि इतका कोरडा, यावरूनच तिला तपासणाऱ्या फिजिशियनला शंका आली. त्यांनी भावाला विचारलं, 'ताईंना आणखी कोणती गोळी चालू आहे?' भावाने पिशवीतून थायरॉइडची पट्टी काढली. गोळी त्या क्षणी थांबली, आणि या प्रकरणातला सगळ्यात मोठा उपचार तोच होता.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्याकडे आलेल्या नळीत एकूण पांढऱ्या पेशी ७०० होत्या. एरवी आम्ही स्लाइडवर शंभर पेशी मोजून टक्केवारी काढतो. इथे शंभर पेशी जमवायलाच स्लाइडभर फिरावं लागलं. म्हणून रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मधला पांढुरका थर घेतला आणि त्याची वेगळी स्लाइड केली. तिच्यावर दिसल्या त्या दुसऱ्या जातींच्या पांढऱ्या पेशी : लिंफोसाइटांचे गोल निळे गठ्ठे, एखाद-दुसरा मोनोसाइट, आणि बाकी काही नाही. कडेला, शेपटाला, सगळीकडे पाहिलं. एकही न्यूट्रोफिल सापडला नाही.

न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले की जंतुसंसर्गाचा धोका गंभीर होतो, १०० च्या खाली तो जीवघेणा ठरू शकतो. ही बाई शून्यावर होती. कल्चरसाठी रक्त घेऊन पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक शिरेतून लगेच सुरू झालं. त्याच संध्याकाळी जी-सीएसएफचं, म्हणजे मज्जेला न्यूट्रोफिल बनवायला लावणाऱ्या रेणूचं, ३०० मायक्रोग्रॅमचं पहिलं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली दिलं गेलं.

आता थोडं थांबून हाडांच्या आतल्या मज्जेतला कारभार पाहू, कारण पुढच्या दहा दिवसांत वॉर्डात जे जे घडलं त्याचा उलगडा तिथेच आहे.

निरोगी माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. रक्तात उतरलेला न्यूट्रोफिल काही तासांतच ऊतींमध्ये शिरतो आणि तिथे मरतो. एवढा मोठा व्यवहार चालू असताना किती बनवायचे, हे मज्जेला कळतं कसं? व्हर्जिनिया विद्यापीठातल्या क्लाउस ले यांच्या गटाने २००५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून याचं एक सुंदर उत्तर दिलं. मेलेले न्यूट्रोफिल ऊतींमधल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात. ते गिळले की मॅक्रोफेज इंटरल्यूकिन-२३ हा निरोप नेणारा रेणू कमी सोडतात. हे कमी झालं की ठरावीक टी-पेशींकडून निघणारं इंटरल्यूकिन-१७ कमी होतं, आणि ते घटलं की जी-सीएसएफ घटतं. न्यूट्रोफिल येणं थांबलं तर हेच सगळं उलटं चालतं : गिळायला काही नाही, म्हणून २३ वाढतं, मग १७ वाढतं, मग जी-सीएसएफ. म्हणजे मेलेल्या पेशींच्या हजेरीवरून नव्यांची संख्या ठरते. मला हा भाग वाचताना आजही नवल वाटतं.

दुसरा रस्ता जंतूंचा. जंतूंचे तुकडे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला आणि मॅक्रोफेजना जाणवले की इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ हे रेणू बाहेर पडतात, आणि तेही जी-सीएसएफ वाढवतात. ताप आणणारे रेणूही हेच. तिच्या अंगातला १०३ ताप आणि तिच्या मज्जेला जाणारी हाक एकाच ठिकाणाहून निघत होती.

म्हणजे तिच्या रक्तात जी-सीएसएफ आधीपासूनच भरपूर असणार. त्यात एक गोष्ट आणखी भर घालते : हा रेणू शरीरातून काढून टाकण्याचं मोठं काम न्यूट्रोफिलच करतात. त्यांच्या अंगावरचे ग्राहक (रिसेप्टर) त्याला पकडून आत ओढतात आणि नष्ट करतात. न्यूट्रोफिल नसले की जी-सीएसएफ रक्तात साचत जातं. मग पेशी शून्यावर का? कारण हाक ऐकणाऱ्या पेशीच मारल्या जात होत्या. कार्बिमाझोलच्या उपस्थितीत तिच्या शरीराने न्यूट्रोफिलविरुद्ध आणि मज्जेतल्या त्यांच्या पूर्वज पेशींविरुद्ध प्रतिपिंडं उभी केली होती. अशी प्रतिपिंडं बहुधा औषध हजर असेपर्यंतच चिकटतात. मेथिमाझोल रक्तातून काही तासांत उतरू लागतं. म्हणून गोळी थांबवणं हा पहिला उपचार, आणि चमच्यात चुरून घेतलेली ती शेवटची गोळी इतकी महागात पडणारी.

भरती झाल्याच्या तिसऱ्या दिवशी खुब्याच्या हाडातून मज्जा काढली. खरं तर या आजारात दर वेळी ती काढायची गरज नसते, पण संभाजीनगरला येण्याआधी वाटेत ज्या डॉक्टरांना दाखवलं होतं त्यांनी 'रक्ताचा कॅन्सरही असू शकतो' असं सांगितल्यामुळे घरच्यांच्या मनात तो शब्द रुतून बसला होता.

लिशमन नावाच्या रंगाने रंगवलेली स्लाइड तेलाच्या लेन्सखाली घेतली, आणि क्षणभर तो शब्द खराच वाटावा असं दृश्य समोर आलं. लाल पेशींची घराणी नीट, प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी नीट. पण न्यूट्रोफिलच्या वंशात जवळजवळ सगळ्या पेशी एकाच पायरीवरच्या : प्रोमायलोसाइट. जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या, मोठ्या केंद्रकाच्या. त्यांच्या पुढची एकही पायरी नाही. अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया नावाच्या रक्तकर्करोगात मज्जा पहिल्या नजरेत अशीच दिसू शकते. त्या आजाराचा नियम असा, की नुसता संशय आला तरी ट्रेटिनॉइन हे औषध लगेच सुरू करायचं, जनुकीय रिपोर्टची वाट पाहायची नाही. त्यातला रक्तस्राव पहिल्या काही दिवसांतच माणूस नेतो.

फिजिशियनने विचारलं, 'मॅडम, सुरू करू का?'

मी थांबा म्हटलं, आणि त्याची कारणं एकेक करून त्यांच्यासमोर ठेवली. त्या ल्युकेमियात प्लेटलेट बहुधा पडलेल्या असतात आणि रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडलेली असते. हिच्या प्लेटलेट २ लाख ६० हजार, प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि फायब्रिनोजेन दोन्ही ठीक. पेशींचं केंद्रक गोल, दुभंगलेलं नाही. केंद्रकाशेजारी गोल्जीचा फिकट भाग स्पष्ट दिसतोय, तो निरोगी प्रोमायलोसाइटचा खुणेचा डाग. ऑवर रॉड म्हणतात त्या काड्या एकाही पेशीत नाहीत. आणि सहा आठवडे कार्बिमाझोल. मारेकरी औषध निघून गेल्यावर मज्जा पुन्हा उभी राहते ती खालच्या पायरीपासून; दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर सगळ्या नव्या पेशी एकाच वयाच्या, एकाच पायरीवर भेटणार. वर जी-सीएसएफची दोन इंजेक्शनं झालेली, ती नेमक्या याच पेशींना ढकलतात. ठरलं असं : त्या ल्युकेमियाची खूण असलेल्या पीएमएल-रारा जनुकाची तपासणी पाठवायची, रक्त गोठण्याच्या तपासण्या रोज दोनदा करायच्या, रोज रक्ताची स्लाइड मी स्वतः बघायची, आणि ४८ तासांनी पुन्हा बसायचं. यातलं काही बिघडलं असतं तर त्याच तासाला ट्रेटिनॉइन सुरू झालं असतं.

नवऱ्याला बाहेर बाकावर बसून समजावलं. 'म्हणजे कॅन्सर नाही म्हणता?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'दादा, रान तणनाशकाने जळालं होतं, पण बियाणं शाबूत आहे. उगवण झालेली मी आत्ता पाहून आले. पीक हातात यायला चार दिवस लागतील.' ते म्हणाले, 'मग थांबतो की. कापूस काय, रानात ऱ्हाईल.'

चौथ्या दिवशी आकडा ८००, न्यूट्रोफिल शून्य. पाचव्या दिवशी एकूण १,२००, आणि स्लाइडवर मोनोसाइट १६ टक्के. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना यात विशेष काही वाटलं नाही, न्यूट्रोफिल तर अजून शून्यच होते. पण माझ्या दृष्टीने प्रकरण त्या सकाळी वळलं. मोनोसाइट मज्जेत फारसे साठवले जात नाहीत, तयार झाले की रक्तात उतरतात. न्यूट्रोफिलना विभाजन संपल्यावरही मज्जेत काही दिवस पिकावं लागतं. दोघांचे पूर्वज एकच. मोनोसाइट दिसू लागले याचा अर्थ ती सामाईक फांदी जिवंत झाली आहे आणि न्यूट्रोफिल एक-दोन दिवसांच्या अंतरावर आहेत. केमोथेरपीनंतरही हाच क्रम बऱ्याचदा दिसतो. माझी विनंती आहे की पांढऱ्या पेशी उतरलेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये नुसती एकूण संख्या बघू नका. मोनोसाइटची ओळ वाचा.

त्या रात्री बाईची कंबर आणि छातीचं मधलं हाड ठणकू लागलं. सासूबाई सिस्टरकडे तेल मागत होत्या, 'सुनबाईची कंबर जरा चोळून देते.' चोळून ते थांबणारं नव्हतं. जी-सीएसएफ घेणाऱ्यांत हाडं दुखतात, आणि बहुधा आकडा वर येण्याच्या सुमारासच. दुखणारी हाडं तीच, ज्यांत मोठ्या माणसाची काम करणारी मज्जा असते : कमरेची, पाठीची, छातीची. मज्जा आतून भरत होती.

सहाव्या दिवशी रक्तात मायलोसाइट, मेटामायलोसाइट आणि थोड्या बँड पेशी, म्हणजे पुढच्या पायऱ्यांवरच्या पेशी, दिसल्या. प्रोमायलोसाइट पुढे सरकत होते, पायऱ्या चढत होते. ल्युकेमियाच्या पेशी ट्रेटिनॉइनसारख्या औषधावाचून असं करत नाहीत. ट्रेटिनॉइनचा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला. पीएमएल-रारा नसल्याचा रिपोर्ट पुढे नवव्या दिवशी आला. सातव्या दिवशी न्यूट्रोफिल ४७०.

आणि त्याच दिवशी घसा जास्त बिघडला. दुखणं वाढलं, गळ्याच्या एका बाजूला सूज आली, टॉन्सिलवर पिवळा पू दिसला, ताप पुन्हा १०२. नवरा घाबरून गेला : पेशी वाढताहेत म्हणता आणि बाई तर खालावतेय. पण हा पू आम्हाला हवा होता. इतके दिवस जंतू होते आणि त्यांच्याशी लढणारं कुणी नव्हतं. आता न्यूट्रोफिल तिथे पोचले आणि दाह सुरू झाला. छातीच्या संसर्गात हीच गोष्ट जिवावर बेतू शकते, पेशी परतताना फुप्फुसं एकाएकी भरतात, म्हणून त्या दोन दिवसांत तिचा ऑक्सिजन आणि एक्स-रे बारकाईने पाहिला गेला. तिची फुप्फुसं स्वच्छ राहिली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सुजलेली जागा तपासली, चिरा द्यावा लागला नाही.

आठव्या दिवशी न्यूट्रोफिल ३,१००. नवव्या दिवशी एकूण पेशी १४,८००, त्यात न्यूट्रोफिल ११ हजारांच्या आसपास. एका दिवसात एवढी उडी कशी? मज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल-१२ नावाचा रेणू सोडतात आणि न्यूट्रोफिलवरचा सीएक्ससीआर-४ हा ग्राहक त्याला धरून असतो. जी-सीएसएफमुळे तो रेणू कमी होतो, पकड सुटते आणि साठा एकदम बाहेर पडतो. शिवाय एरवी सहा-सात दिवस लागणारं पिकणं या औषधाने निम्म्यावर येतं. स्लाइडवर न्यूट्रोफिलमधले कण जाड, गडद दिसत होते, काहींत ड्योलेचे निळसर डाग; घाईत तयार झालेल्या पेशी अशाच दिसतात. इंजेक्शन आठव्या दिवसापासूनच थांबवलं होतं. अकराव्या दिवशी एकूण ७,२०० वर स्थिरावलं. घरचे पुन्हा दचकले, पेशी निम्म्या झाल्या म्हणून. औषध थांबल्यावर एक-दोन दिवसांत आकडा असा खाली येतोच, आणि आता भरपूर न्यूट्रोफिल होते, ते उरलेलं जी-सीएसएफ स्वतःच गिळत होते.

या इंजेक्शनने नेमकं किती केलं, यावर आमच्यात चर्चा झाली. जी-सीएसएफचा शोध मोठ्या चिकाटीचा आहे. मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ १९६० च्या दशकापासून मज्जेच्या पेशी बशीत वाढवून त्यांना वाढवणारे रेणू शोधत होते. तिथेच १९८३ मध्ये उंदराचं जी-सीएसएफ वेगळं झालं, माणसाचं शुद्ध स्वरूप १९८५ मध्ये हाती आलं, १९८६ मध्ये जनुक मिळालं, आणि १९९१ मध्ये अमेरिकेत फिल्ग्रास्टिमला, म्हणजे त्याच रेणूच्या औषधाला, मान्यता मिळाली. केमोथेरपीनंतर त्याचा उपयोग वादातीत आहे. थायरॉइडच्या गोळीने झालेल्या अॅग्रॅन्युलोसायटोसिसमध्ये मात्र पुरावा तितका घट्ट नाही. जपानमध्ये १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत फायदा दिसला नाही. जुन्या नोंदी चाळून केलेल्या अभ्यासांत पेशी लवकर परतल्याचं दिसतं. शरीराचं स्वतःचं जी-सीएसएफ आधीच चढलेलं असताना बाहेरून आणखी देण्याने थोडाच फरक पडणार, हा आक्षेप मला पटतो. तरीही शून्य न्यूट्रोफिल, १०३ ताप आणि सुजलेला घसा समोर असताना मी इंजेक्शन द्याच म्हणेन. एक दिवस जरी वाचला तरी तो या अवस्थेत लाखमोलाचा असतो. फक्त ते देऊन गोळी चालू ठेवली, तर त्याचा काही उपयोग नाही.

राहिला थायरॉइड. प्रोपिलथायोयुरॅसिल हे याच गटातलं दुसरं औषध, पण तेही अशा रुग्णात पुन्हा हेच करू शकतं, म्हणून ते बाद. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल आणि थायरॉइडचं संप्रेरक आतड्यातून काढून टाकायला कोलेस्टिरामिन, एवढ्यावर तिला सांभाळलं आणि रेडिओआयोडीनसाठी, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉइड शांत करण्यासाठी, पाठवलं. लुगोलचं आयोडीन मुद्दाम टाळलं, नाहीतर ग्रंथीने रेडिओआयोडीन शोषलंच नसतं.

डिस्चार्ज कार्डावर लाल शाईत कार्बिमाझोल आणि प्रोपिलथायोयुरॅसिल ही दोन नावं आणि 'आयुष्यात पुन्हा नाही' असं मराठीत लिहून दिलं. आमच्याकडे आता कार्बिमाझोल सुरू करताना प्रत्येकाला एक चिठ्ठी देतात : 'ताप आला, घसा दुखला किंवा तोंड आलं तर ही गोळी त्याच दिवशी बंद करा, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, आणि रिपोर्ट थायरॉइडच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.' दर पंधरा दिवसांनी सगळ्यांचं रक्त तपासत राहण्याचा फार उपयोग होत नाही, कारण न्यूट्रोफिल काही दिवसांत एकाएकी कोसळतात आणि आदल्या आठवड्याचा रिपोर्ट अगदी छान असू शकतो. गोळी सुरू करण्याआधीचा एक सीबीसी मात्र हाताशी असावा. सहा आठवड्यांपूर्वी हिचे न्यूट्रोफिल किती होते, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

रेडिओआयोडीननंतर ती काही दिवस धाकट्या मुलापासून वेगळी झोपली. जानेवारीत तपासणीला आली तेव्हा एकूण पेशी ६,४००, न्यूट्रोफिल ५८ टक्के. थायरॉइड आता मंदावू लागला होता, तिला थायरॉक्सिन सुरू झालं. ही गोळीही पेशी उतरवते का, हा तिचा पहिला प्रश्न होता. नाही उतरवत; ही रोज सकाळी उपाशीपोटी, न चुकता घ्यायची.